दार्जिलिंगच्या वाफेच्या गाडीतून वाढदिवसाची सफर : आरक्षण, पात्रता आणि कागदपत्रे

नेरळ–माथेरान गाडीच्या नियमित फेऱ्यांवर आता वाफेचे इंजिन धावत नाही, त्यामुळे मुलाचा पहिला मोठा वाढदिवस किंवा आजीची पंचाहत्तरी कोळशाच्या इंजिनामागे बसून साजरी करायची असेल, तर महाराष्ट्रातील कुटुंबांना राज्याबाहेर जावे लागते. १८८१ मध्ये पूर्ण झालेली आणि १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली दार्जिलिंग हिमालयन रेल्वे हा त्यासाठी उत्तम पर्याय आहे. तिच्या ‘जॉय राइड’ फेरीचे तिकीट एरवीच्या रेल्वे तिकिटाप्रमाणेच आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर मिळते.

फेरी दार्जिलिंगहून निघते, बतासिया लूप या रुळांच्या वर्तुळाकार वळणावर थोडा वेळ थांबते, २,२५८ मीटर उंचीवरील घूम स्थानकापर्यंत जाते आणि परत येते. या सगळ्याला साधारण दोन तास लागतात. संकेतस्थळावर निघण्याच्या जागी दार्जिलिंगचा संकेत ‘डीजे’ आणि पोहोचण्याच्या जागी ‘डीजेआरझेड’ भरावा. यानंतर दिसणाऱ्या फेऱ्यांपैकी काही वाफेच्या इंजिनाच्या आणि काही डिझेलच्या असतात. मार्ग एकच असल्यामुळे घाईत डिझेलची फेरी निवडली जाण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून पैसे भरण्याआधी गाडीचे नाव, क्रमांक आणि भाडे नीट वाचावे. वाफेच्या फेरीचे भाडे डिझेलपेक्षा जास्त असते. न्यू जलपाईगुडीहून दार्जिलिंगपर्यंत दिवसभर चढणारी नियमित गाडी डिझेलवर चालते, तिचे तिकीट या कामाचे नाही.

या फेरीसाठी वयाची किंवा नागरिकत्वाची अट नाही. वाढदिवसानिमित्त भाड्यात वेगळी सूट मिळत नाही, आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद असल्यामुळे आजी-आजोबांचेही पूर्ण भाडे धरूनच खर्चाचा हिशेब करावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची सर्वसाधारण मुदत प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवसांची आहे, त्यामुळे वाढदिवसाच्या तारखेपासून मागे मोजून तो दिवस आधीच लिहून ठेवावा. आरक्षण खुले होताच तिकीट काढण्याची मुभा आधार पडताळणी झालेल्या खात्यांनाच असल्याने ही पडताळणी काही आठवडे आधी उरकून घेणे शहाणपणाचे ठरते. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. मंडळी त्याहून अधिक असतील तर दुसरे तिकीट लगेच काढावे, कारण डबे लहान असतात आणि जागा झपाट्याने भरतात.

नाव आणि वय ओळखपत्रावर आहे तसेच भरावे. प्रवासात एका तिकिटावरील किमान एका व्यक्तीकडे मूळ ओळखपत्र असावे लागते. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, पारपत्र, पॅन कार्ड किंवा वाहन परवाना यांपैकी कोणतेही चालते आणि परदेशातून आलेल्या नातेवाइकांनी पारपत्र जवळ ठेवावे. ऐनवेळी एखाद्याचे येणे रद्द झाले, तर निश्चित झालेली त्याची जागा आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्याच नावावर करता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज, तिकिटाची छापील प्रत, दोघांची ओळखपत्रे आणि शिधापत्रिकेसारखा नात्याचा पुरावा द्यावा. मामेभाऊ किंवा मित्र या यादीत बसत नाहीत.

संपूर्ण गाडी आपल्याच मंडळींसाठी हवी असल्यास कर्सियांग येथील दार्जिलिंग हिमालयन रेल्वेच्या संचालक कार्यालयाकडे लेखी मागणी करावी लागते. अर्जात तारीख, मार्ग, प्रवाशांची संख्या आणि वाफेचे इंजिन हवे असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत विमानाची तिकिटे काढू नयेत.

डब्यात मेणबत्ती किंवा फुलबाजी पेटवता येत नाही, त्यामुळे औक्षण आणि केक हॉटेलवरच करावा. मुलांना मात्र सुटण्याआधी इंजिनाजवळ अवश्य न्यावे : ‘बी’ वर्गाच्या या छोट्या इंजिनांवर एक माणूस कोळशाची ढेकळे फोडत असतो, आणि चढावर चाके घसरू नयेत म्हणून पुढच्या बाजूला बसलेले कामगार रुळांवर हाताने वाळू टाकतात. कोळशाचे कण खिडकीतून आत येतात, म्हणून वाढदिवसाचे नवे पांढरे कपडे त्या दोन तासांत घालू नयेत आणि मुलांनी खिडकीबाहेर डोके काढू नये.

आरक्षणाचा तक्ता लागल्यावरही ई-तिकीट पूर्णपणे प्रतीक्षा यादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. पावसाळ्यात दरड कोसळून फेऱ्या रद्द होतात. रेल्वेनेच गाडी रद्द केली, तर ई-तिकिटाचे पैसे वेगळा अर्ज न करता ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत येतात.