जुन्या सागाची नवी रोपं
साग खरंच चांगला निघाला की नाही, हे कळायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. सरळसोट खोड, भरपूर घेर, कमी गाठी हे गुण झाड जुनं झाल्यावरच दिसतात. मग त्याचं बी लावावं, तर सागात बहुधा परपरागीकरण होतं. बाप कोण याचा पत्ता नसतो. बी रुजतंही थोडं आणि सवडीनं. नर्सरीतली सागजडी, म्हणजे रोपाचं छाटलेलं मूळ-खोड, स्वस्त; पण तीही बियाचीच.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं वाट काढली. शंभर वर्षांच्या सागापासून काचनळीत, म्हणजे टिश्यू कल्चरनं, रोपं तयार केल्याचं तिथल्या शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलं.

रीत कागदावर सोपी. फांदीचा डोळा काढून निर्जंतुक करायचा आणि साखर, क्षार, जीवनसत्त्वं घातलेल्या अगरच्या जेलीवर ठेवायचा. सायटोकायनिन हे संप्रेरक जास्त असेल तर फुटवे येतात, ऑक्सिन जास्त असेल तर मुळं. महिन्याला एकाचे चार धरले, तरी सहा महिन्यांत हिशेब चार हजारांवर जातो.

साग मात्र इतक्या सहजासहजी वश होत नाही. कापलेल्या जागेतून फिनॉल नावाची रसायनं झिरपतात आणि हवा लागून काळवंडतात. नितळ जेली कोऱ्या चहासारखी दिसू लागते आणि डोळा आपल्याच विषानं मरतो. म्हणून सुरुवातीला त्याला पुन्हा पुन्हा ताज्या जेलीवर हलवत राहावं लागतं.

खरी पंचाईत वयाची. ऐकायला उलटं वाटेल, पण झाडाचा शेंडा प्रौढ असतो आणि बुंधा तरुण! वरच्या फांदीचे डोळे काचेत हट्टीपणा करतात, मुळं धरत नाहीत. म्हणून बुंध्यातून आलेले धुमारे मिळाले तर सोनं. ते नसतील तर शेंड्याचेच फुटवे काचेत वारंवार नव्यानं लावत गेलं, की हळूहळू त्यांच्यात तरुणपणा परततो.

बाटलीतलं रोप थेट शेतात लावाल तर माना टाकेल. पानांवर मेणाचा थर पातळ, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. आधी काही आठवडे त्याला दमट हरितगृहात ठेवून हवेची सवय लावावी लागते.

नव्वदच्या दशकात सागाच्या गुंतवणूक योजनांनी अवाच्या सवा परताव्याची आमिषं दाखवली होती. टिश्यू कल्चरनं साग झटपट मोठा होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जनकवृक्षाचे गुण मिळतात, एवढंच. पाणी साचणाऱ्या जमिनीत हेही रोप खुरटणार. आणि सगळं रान एकाच झाडाच्या प्रतींनी भरलं, तर एखादी कीड ते एका फटक्यात साफ करू शकते. रोपं घेताना ती किती जनकवृक्षांपासून केली आहेत, हे आधी विचारा.