प्रसाधनांची पोत-चाचणी

क्रीम, लोशन, मलम, लिपस्टिक, पावडर ही प्रसाधने बोटाला आणि त्वचेला कशी लागतात, किती सहज पसरतात, कितपत चिकटतात आणि किती वेळात मुरतात, हे माणसाच्या हाताने व यंत्राने ठरावीक रीतीने तपासणे म्हणजे पोत-चाचणी. 'पोत' हा मराठीत मुळात कापडाचा आणि जमिनीचा शब्द. प्रयोगशाळेत सर्रास 'टेक्श्चर' म्हणतात. ठाण्याची वागळे इस्टेट आणि खाडीच्या पूर्वेला दिघा-ऐरोलीपासून नेरूळपर्यंत पसरलेला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा या भागांत रसायने, औषधे व प्रसाधनांशी संबंधित उद्योग आहेत. शाम्पू-क्रीमसाठी लागणारा कच्चा माल बनवणाऱ्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स कंपनीचे मुख्यालय याच पट्ट्यात, पावणे येथे आहे.

चाचणीचे नाव नवे असले तरी कृती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. रव्याच्या लाडवांसाठी पाक करणारी बाई अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून बोटे हळूच विलग करते आणि तार किती सुटते ते पाहते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे पोताचेच मोजमाप आहे, आणि ते पिढ्यान् पिढ्या बिनचूक चालत आले आहे. आयुर्वेदातही औषधी तेल-तूप सिद्ध झाले की नाही हे ठरवताना कल्क, म्हणजे त्यात घातलेला वनस्पतींचा वाटलेला लगदा, बोटांनी वळून त्याची वात होते का, ते पाहतात. पाण्याने शंभर वेळा धुतलेले शतधौत घृत पांढरे, मऊ आणि बिनदाण्याचे व्हावे लागते. रवाळ राहिले तर धुणे अपुरे झाले, असे जाणकार हात सांगतो.

या स्पर्शज्ञानाला आकड्यांची भाषा विसाव्या शतकात मिळाली. पदार्थ कसे वाहतात आणि दाबाखाली कसे बदलतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला 'ऱ्हिऑलॉजी' हे नाव अमेरिकन रसायनतज्ज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी 1920 मध्ये रूढ केले. अन्नाच्या पोताची शास्त्रशुद्ध वर्गवारी अलिना श्चेस्नियाक यांनी 1963 मध्ये मांडली. त्याच वाटेने पुढे आलेली यंत्रे आज बिस्किटाइतकीच कोल्ड क्रीमलाही लावली जातात.

टेक्श्चर अॅनलायझर हे यंत्र एका दांडीला बसवलेला प्रोब, म्हणजे नमुना चाचपणारे टोक, ठरावीक वेगाने नमुन्यात उतरवते आणि तसाच वर काढते. आत जाताना लागलेले सर्वाधिक बल म्हणजे नमुन्याचा घट्टपणा. वर येताना नमुना प्रोबला मागे ओढतो, ते बल म्हणजे चिकटपणा. आणि नमुना तुटेपर्यंत प्रोब जितका वर गेला ते अंतर म्हणजे तार, अगदी पाकाची असते तशीच. पसरण्याची क्षमता मोजताना क्रीम एका शंकूच्या आकाराच्या वाटीत भरतात आणि तिच्यात नेमका बसणारा 90 अंशांचा शंकू दाबतात. क्रीम दोन्ही पृष्ठभागांच्या मधून बाहेर सरकते, तेव्हा लागलेले श्रम आलेखात दिसतात. वाटी भरताना हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा फसतो, म्हणून भरण्याचे काम सवयीच्या हाताकडेच द्यावे. लिपस्टिकची कांडी आडवी धरून टोकावर भार देतात आणि ती कुठल्या बलाला मोडते ते पाहतात. पेट्रोलियम जेलीत धातूचा शंकू पाच सेकंद सोडून तो किती खोल गेला ते मोजतात.

दाटपणासाठी व्हिस्कोमीटर असतो, त्यात नमुन्यात फिरणाऱ्या भागाला होणारा विरोध मोजतात, पण एकाच वेगावर घेतलेले मोजमाप अर्धेच सांगते. चांगली क्रीम डबीत उभी राहते आणि बोटाखाली येताच पातळ होते. हे दोन्ही गुण एका आकड्यात मावत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या वेगांवर मोजावे लागते, आणि चोळून झाल्यावर ती पुन्हा किती वेळात घट्ट होते हेही पाहावे लागते.

यंत्राला 'तेलकट' कळत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसांचे पॅनेल लागते. कोपराखालच्या हातावर सुमारे दोन इंचांचे वर्तुळ आखून त्यात मोजून नमुना टाकतात आणि बोट ठरावीक लयीत गोल फिरवतात. ओलावा सरून बोट अडखळेपर्यंत किती वेढे झाले ते मोजले जाते. तोवर बोट अडखळले नाही तरी प्रचलित पद्धतीत 120 वेढ्यांना थांबतात. नंतर चकाकी, चिकटपणा, मागे राहिलेला थर यांना गुण देतात. इथे शब्दांवर एकमत होणे सर्वांत अवघड. 'चिकट' आणि 'चिपचिपीत' यांत एकाला फरक वाटतो, दुसऱ्याला नाही. त्यामुळे प्रत्येक शब्दासोबत हाताळायला एक ठरलेला नमुना ठेवतात. मराठी घरात वाढलेल्या पॅनेलशी मराठीतच बोलले तर हे काम सोपे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुरणे, ओढल्यासारखे वाटणे, रवाळ लागणे, तार सुटणे हे शब्द हाताला आधीच ठाऊक असतात.

ठाणे-नवी मुंबईच्या संदर्भात या चाचणीचा गाभा हवामानात आहे. प्रयोगशाळा वातानुकूलित असते आणि मोजमाप बहुधा 25 अंश सेल्सिअसला होते. त्वचेचा पृष्ठभाग मात्र साधारण 32 अंशांचा असतो, आणि मे महिन्यात ठाण्याचा पारा 35 च्या पुढे जातो. जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांवर असते, घाम वाळत नाही. थंड देशात 'मऊ, पोषक' वाटलेली क्रीम ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ठाण्याहून वाशीला पोहोचेपर्यंत चेहऱ्यावर लेप होऊन बसते. येथे विकायच्या मालाची चाचणी येथील दमटपणात झालीच पाहिजे.

पोत म्हणजे केवळ चैन, हा समज चुकीचा आहे. सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर लावून मोजलेला असतो. चिकट सनस्क्रीन माणूस नखाएवढेच घेतो किंवा पावसाळी दमटपणात लावतच नाही, आणि मग छापलेले संरक्षण त्याला मिळत नाही. खाज-इसबाच्या मलमांचेही तसेच. जे हाताला नकोसे वाटते ते डबीतच राहते.

स्थानिक कच्च्या मालाची एक अडचण नोंदवण्याजोगी आहे. भेगाळलेल्या टाचांना कोकणात पिढ्यान् पिढ्या लावले जाणारे कोकमाचे तेल, म्हणजे भिरंडेल, आता बॉडी बटरमध्येही वापरतात. हे घट्ट तेल वितळून सावकाश थंड झाले तर त्यात रवे धरू शकतात. बाटलीबंद करताना गुळगुळीत असलेला माल उन्हात तापलेल्या टेम्पोतून दुकानात जातो, तिथे पुन्हा थंड होतो आणि ग्राहकाच्या बोटाला कण लागतात. म्हणून नमुने आळीपाळीने गरम व थंड ठेवून दर वेळी पोत पुन्हा मोजतात.

भारतात प्रसाधनांवर प्रसाधने नियम, 2020 लागू आहेत. त्वचेच्या क्रीमसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 6608 हे मानक आहे. स्पर्श कितपत सुखद असावा हे कायदा ठरवत नाही, ती मर्यादा उत्पादक स्वतः आखतो. मात्र पॅनेलच्या हातावर नमुना पडण्याआधी तो त्वचेला सुरक्षित आहे याची खात्री झालेली असावी लागते, आणि ज्यांच्या त्वचेला पुरळ वा जखम आहे त्यांना त्या दिवशी पॅनेलवर बसवत नाहीत.