घरगुती वर्कशॉप उभारताना : कोकणातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

घराच्या पडवीत, मागीलदारच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या गॅरेजमध्ये स्वतःचे छोटे वर्कशॉप असावे, अशी इच्छा असलेले अनेक ग्राहक रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आमच्याकडे येतात. कोणी नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले असतात आणि त्यांना सुतारकामाची आवड असते, तर कोणाला बागेतला ग्रास कटर, पंप आणि फवारणीचे यंत्र घरच्या घरी दुरुस्त करायचे असते. बहुतेकांच्या हातात हत्यारांची यादी तयार असते. त्या यादीच्या आधी जागेचा विचार व्हावा, यासाठी हे माहितीपत्रक आहे. कोकणात घरगुती वर्कशॉपचे नुकसान होते ते प्रामुख्याने ओलीमुळे आणि हयगयीने केलेल्या वायरिंगमुळे, असे आम्हाला वारंवार दिसते. म्हणून खर्चाचा पहिला वाटा जमीन, छप्पर, भिंत आणि वीज यांचा असावा व हत्यारांची खरेदी त्यानंतर व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

ओल कुठून येते ते आधी ठरवा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मात्र लोखंड गंजण्यासाठी ते पावसात भिजावेच लागते असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि गंज झपाट्याने वाढू लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे ही आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. किनाऱ्यालगतच्या गावांत हवेतून येणारे मीठ हत्यारांवर बसून आणखी ओलावा ओढून घेते, त्यामुळे तिथे अधिक काळजी घ्यावी लागते.

जमिनीवरील ओलीची एक सोपी तपासणी ग्राहकाला स्वतः करता येते. जमिनीचा एक भाग स्वच्छ पुसून त्यावर साधारण दीड फूट लांब व तितक्याच रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरावा, त्याच्या चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि तो एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या खालच्या अंगाला थेंब जमलेले दिसले किंवा जमिनीचा तेवढा भाग गडद पडलेला दिसला, तर पाणी जमिनीतून वर येत आहे असे समजावे. ओल कागदाच्या वरच्या अंगाला असेल, तर ती हवेतली आहे. या दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास पैसे वाया जातात.

जमिनीतून ओल येत असेल, तर वरून रंग किंवा टाइल लावून ती थांबत नाही. जमीन नव्याने करायची असल्यास सोलिंग (तळाचा दगडांचा थर) आणि खालचे काँक्रीट झाल्यावर जाड पॉलिथिनचा सलग कागद अंथरून त्यावर कोबा करावा व तो निदान सात दिवस ओला ठेवावा. चकचकीत टाइल आम्ही वर्कशॉपसाठी सुचवत नाही, कारण लाकडाचा भुसा पडला की ती निसरडी होते आणि हातोडी पडली की फुटते. साधा, घोटलेला कोबा अनेक वर्षे टिकतो.

भिंत जांभ्याची असेल, तर चिरा सच्छिद्र असतो हे लक्षात ठेवावे. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडत असेल, तर आतून कितीही गिलावा केला तरी भिंत ओलीच राहते. अशा वेळी छप्पर दोन-अडीच फूट बाहेर काढणे, पन्हाळ लावून पाणी लांब नेणे आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार देणे ही कामे आधी करावीत. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब जमून ते यंत्रांवर ठिबकतात. याला गळती समजून पत्रे बदलणारे ग्राहक आम्हाला भेटतात, परंतु तिथे पत्र्याखाली उष्णतारोधक शीट बसवणे आणि आढ्याजवळ हवा जायला वाट ठेवणे हा खरा इलाज आहे.

हवेतल्या ओलीवर मात्र खिडक्या उघडून उपाय होत नाही, कारण बाहेरची हवाही तितकीच दमट असते. इथे जुन्या कारागिरांची रीत आजही उपयोगी पडते : हत्यारे बंद कपाटात ठेवावीत आणि त्या कपाटाच्या तळाशी जाळीच्या आवरणात १५ वॉटचा तारेचा जुना बल्ब सतत चालू ठेवावा. हवा तापली की तीत तेवढेच पाणी असूनही सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल व कपाटातील तापमान ३३ अंशांपर्यंत चढले, तर आतील आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर येते. म्हणजे गंजाची घाई बरीच कमी होते. कपाट लहान आणि घट्ट बंद होणारे असावे, म्हणजे एवढी ऊब टिकते. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. बल्बच्या कपाटात थिनर, पेट्रोल, रंगाचे डबे किंवा चिंध्या कधीही ठेवू नयेत. वेल्डिंगच्या कांड्या सादळू नयेत म्हणून त्याही याच कपाटात ठेवता येतात.

वीज

या भागात आम्ही काटकसर मान्य करत नाही. वर्कशॉपला घराच्या एखाद्या जवळच्या बोर्डावरून वायर ओढून जोड देणे चुकीचे आहे. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. आरसीसीबी इथे विशेष महत्त्वाचा का, ते थोडे सविस्तर सांगतो.

कोकणातील कातळ आणि जांभ्याच्या जमिनीत, त्यातही मे महिन्यात जमीन कोरडी असताना, चांगले अर्थिंग मिळवणे कठीण असते. समजा, अर्थिंगचा रोध १०० ओहम आहे आणि ग्राइंडरच्या धातूच्या भागात वीज उतरली. तेव्हा २३० व्होल्टला अर्थमधून सुमारे २.३ अँपिअर इतकाच प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला पडत नाही. तो चालूच राहतो आणि ग्राइंडरला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडतो. तरीही एक दुसऱ्याची जागा घेत नाही : आरसीसीबी जास्त भारापासून संरक्षण देत नाही, ते काम एमसीबीचे. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे.

शेड घरापासून लांब असेल, तर वायरची जाडी हा दुसरा प्रश्न येतो. घरापासून ३० मीटरवर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली आणि सुरू होताना मोटरने ३५ अँपिअर ओढले, तर वायरमध्येच सुमारे २५ व्होल्ट खर्ची पडतात. गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेले असते. त्यातून एवढी घट झाली की मोटर उचलत नाही, गुरगुरत राहते आणि तिचे वाइंडिंग जळते. त्याच अंतरावर ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर ही घट १० व्होल्टच्या आत राहते. वायरच्या किमतीतला फरक मोटर एकदा रिवाइंड करण्याच्या खर्चाशी ताडून पाहावा, अशी आमची विनंती आहे. कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंग मशीन घ्यायचे असल्यास घराचा मंजूर भार पुरतो की नाही, हे आधी बिलावर पाहावे.

बेंचवर किमान चार सॉकेट असावेत, त्यांतील दोन १६ अँपिअरचे. ते बेंचच्या वरच्या बाजूला, भिंतीवर, वीतभर उंचीवर घ्यावेत, म्हणजे त्यांत भुसा जात नाही आणि वायर पायात येत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाटाची चिन्हे दिसताच यंत्रांचे प्लग काढून ठेवावेत. उजेडासाठी बेंचच्या अगदी वर, समोरच्या कडेकडे, २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब पुरेशा होतात. उजेड पाठीमागून आला तर काम करणाऱ्याची स्वतःचीच सावली खुणेवर पडते.

बेंच

बेंचची उंची सर्वांना एकच नसते. रंधा मारण्याचे काम मुख्य असेल, तर उभे राहून हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येते तिथे बेंचचा माथा असावा. कानस चालवणे, कापणे अशी फिटरची कामे अधिक असतील, तर बेंचवर बसवलेल्या व्हाइसच्या (वस्तू घट्ट पकडून ठेवणाऱ्या लोखंडी शिकंजाच्या) जबड्याचा वरचा भाग कोपराच्या पातळीला यावा. दोन्ही कामे करणाऱ्या ग्राहकाला आम्ही बेंच रंध्याच्या उंचीचा देतो आणि व्हाइसखाली जाड लाकडी ठोकळा घालून व्हाइस वर उचलतो.

बेंचची पुढच्या कडेपासून भिंतीकडच्या कडेपर्यंतची रुंदी दोन फुटांहून जास्त नसावी, कारण त्यापलीकडे हात पोहोचत नाही आणि तिथे अडगळ साठत जाते. माथ्यासाठी १९ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून ३८ मिलिमीटरची जाडी घेतली, तर ती घरगुती कामाला पुरते. प्लाय साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) न घेता निदान बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या गोंदाचा) घ्यावा, कारण एमआर प्लायच्या कडा आपल्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत फुगून सुटू लागतात. जाड फळ्या मिळत असतील तर बाभूळ उत्तम. एके काळी बैलगाडीची चाके याच लाकडाची केली जात, इतके ते मार खाणारे आहे. मात्र ते पुरते वाळलेले हवे.

व्हाइस बेंचच्या पायाच्या बरोबर वर बसवावा, म्हणजे घाव थेट जमिनीत उतरतो. तो लाकडी स्क्रूने न बसवता आरपार बोल्टने आवळावा. त्याचा मागचा, हलत नसलेला जबडा बेंचच्या पुढच्या कडेच्या किंचित बाहेर यावा, म्हणजे लांब पाइप किंवा पट्टी उभी पकडली तरी बेंचला अडत नाही. बेंच आणि भिंत यांच्यामध्ये दोन इंच फट ठेवावी. पाय लाकडी असतील तर त्यांच्या तळाला रबराचे बूट घालावेत, कारण लाकूड आपल्या उभ्या रेषांच्या टोकातून पाणी सर्वांत जास्त शोषते.

हत्यारे लावून ठेवणे

भिंतभर फळी ठोकून सगळी हत्यारे तिच्यावर टांगावीत, अशी चित्रे ग्राहक आम्हाला मोबाइलवर दाखवतात. कोरड्या हवेच्या ठिकाणी ती पद्धत सोयीची आहे, परंतु कोकणात आम्ही ती अर्धीच स्वीकारतो. पक्कड, पाने, क्लॅम्प, हातोडी, गुण्या ही रोज हाताळली जाणारी हत्यारे उघड्यावर टांगण्यास हरकत नाही. पटाश्या, रंध्यांची पाती, करवती, ड्रिलचे बिट आणि मोजमापाची साधने मात्र बंद कपाटातच असावीत. प्रत्येक हत्याराच्या जागी फळीवर त्याची बाह्यरेषा काढून घेतली, तर काम संपल्यावर काय परत आलेले नाही ते एका नजरेत समजते. खिळे आणि स्क्रू झाकणाच्या पारदर्शक बरण्यांत ठेवावेत. लोखंडी कपाट जमिनीपासून चार इंच वर उचलून आणि भिंतीपासून थोडे सोडून ठेवावे.

ग्राइंडरच्या चाकत्या ओलीपासून जपाव्यात आणि त्यांच्यावर छापलेली मुदत पाहूनच त्या वापराव्यात; मुदत संपलेली किंवा कड उडालेली चाकती फिरताना फुटते. चाकतीवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असेल, तर ती त्या ग्राइंडरवर चढवूच नये आणि गार्ड काढून कोणतेही काम करू नये.

आगीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. लाकडाला बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) लावून झाल्यावर तेलाने माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती हवेशी संयोग होऊन आपोआप तापते आणि काडी न लावताही पेट घेऊ शकते. अशी चिंधी उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावी किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. दाराजवळ एबीसी पावडरचा अग्निशामक टांगलेला असावा.

परवानगी आणि शेजार

शहरातील इमारतींच्या खांबांमधली पार्किंगची जागा ही सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे तिथे बेंच बांधण्याचे काम आम्ही सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय घेत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ग्राइंडर आणि करवत यांचा आवाज याहून बराच मोठा असतो, म्हणून अशी कामे दुपारच्या आधी दार लावून उरकावीत. वर्कशॉपमधून उत्पन्न सुरू झाले, तर वीजजोडणीचा वर्ग बदलावा लागतो का, हे वीज कंपनीकडे विचारून घ्यावे.

वर्षाची देखभाल

मृग नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, पन्हाळ साफ करावी, हत्यारांना पातळ तेलाचा हात फिरवावा, पाती तेलाच्या कागदात गुंडाळावीत आणि कपाटातील बल्ब सुरू करावा. पावसाळ्यानंतरची मोठी साफसफाई खंडेनवमीच्या निमित्ताने करावी, कारण त्या दिवशी हत्यारे पूजेसाठी बाहेर निघतातच. त्याच वेळी गंजाचे डाग बारीक पॉलिश कागदाने काढून टाकावेत आणि पटाश्यांना धार लावून घ्यावी.

पाहणीसाठी

शक्य असल्यास आम्हाला पाहणीसाठी जुलै किंवा ऑगस्टमध्ये बोलवा, कारण मे महिन्यात कोरडी दिसणारी भिंत त्या वेळी आपले खरे रूप दाखवते. आम्ही येण्यापूर्वी जागेची लांबी, रुंदी आणि सर्वांत कमी उंची, दाराची रुंदी, मुख्य बोर्डापासूनचे अंतर, वीजबिलावरील मंजूर भार, प्लास्टिकच्या कागदाच्या तपासणीचा निकाल आणि आपल्याला प्रामुख्याने करायची तीन कामे लिहून ठेवावीत. बेंचवर काम करणारी व्यक्ती पाहणीच्या वेळी घरी असावी. तिच्या मनगटाची आणि कोपराची उंची मोजूनच आम्ही बेंचचे पाय कापतो.