ॲम्प की डीएसपी? सीटखाली बसणारे दोन डबे, आणि दोघांचं काम वेगळं

मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन "गाडीतल्या कंपनीच्या सिस्टमचा आवाज सुधारायचाय, स्क्रीन काढायची नाहीये" एवढं सांगितलं की काउंटरवर दोन डबे येतात, दोन्ही काळे, दोन्हीला वायरींचा गुच्छ, दोन्ही सीटखाली बसणारे. एक ॲम्प्लिफायर आणि दुसरा डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर. बरेच जण ॲम्प घेऊन घरी जातात कारण त्याच्या खोक्यावर वॉटचा आकडा मोठा असतो, आणि मग महिनाभरात "आवाज वाढला पण मजा नाही" ही तक्रार सुरू होते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. डॅशबोर्डमध्ये १८० बाय १०० मिलिमीटरचा डबल डिनचा खाचा असायचा, जुना स्टीरिओ काढा, नवा सरकवा, मागे आरसीए, म्हणजे ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या वायरी, लावा, झालं. आता १०.२५ इंची स्क्रीनमध्येच रिव्हर्स कॅमेरा, गाडीची सेटिंग्ज, कुठे कुठे एसीसुद्धा, त्यामुळे स्क्रीनला हात लावता येत नाही आणि तिच्यातून जो सिग्नल निघतो त्यावरच पुढचं सगळं उभं करायचं असतं. तो सिग्नल कसा आहे हे बघितल्याशिवाय पैसे घालू नका, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

ॲम्पचं काम एकच, आलेला सिग्नल आहे तसा मोठा करणं. कंपनीच्या स्टीरिओवर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं ते पीक, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा, गाडीचे १४ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर धरला तर न फाटता १५ ते २० वॉटच्या आसपासच निघतात. मग ढोलकीची एक जोरदार थाप आली की स्टीरिओकडे द्यायला ताकद उरत नाही, आवाज चिरका होतो. ॲम्प हे नीट करतो. पण नुसत्या मोठ्या आवाजासाठी घेत असाल तर हिशोब बघा, वॉट दुप्पट केले की वाढ फक्त ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट!

डीएसपी ताकद देत नाही, तो सिग्नल बदलतो. कुठल्या स्पीकरला कुठपर्यंतचे सूर द्यायचे ते ठरवतो, केबिनमुळे काही सूर उगाच फुगतात किंवा दबतात ते इक्वलायझरने सरळ करतो, आणि तिसरं काम, जे मला सगळ्यात मोठं वाटतं, ते म्हणजे टाइम अलाइनमेंट. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. समजा उजव्या दाराचा स्पीकर कानापासून ८० सेंटीमीटरवर आहे आणि डावा १४० वर, तर आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो म्हणजे डावा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला काहीच नाही, पण मेंदू आधी आलेल्या आवाजाकडे ओढला जातो आणि गायिका तुमच्या उजव्या गुडघ्याजवळ बसून गातेय असं वाटतं. डीएसपीत उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर दिला की तोच आवाज डॅशबोर्डच्या मधोमध येतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, खरंच. बॅलन्स डावीकडे सरकवून हे जमत नाही, तिथे फक्त आवाज कमीजास्त होतो, वेळ तीच राहते.

आता आधुनिक गाडीची खरी भानगड. छोटे स्पीकर वाचावेत म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या स्टीरिओत व्हॉल्यूम वाढवला की बेस आपोआप कापला जातो, शिवाय मूळ स्पीकरचे दोष झाकणारा इक्वलायझर आतच बसवलेला असतो. मारुतीच्या बलेनो, ब्रेझामध्ये आर्कामिस असं जे लिहिलेलं दिसतं ती फ्रेंच कंपनी याच प्रोसेसिंगचं काम करते, स्पीकर बनवायचं नाही. अशा सिग्नलला नुसता ॲम्प लावला की कापलेला बेस कापलेलाच राहतो आणि फुगवलेला भाग अजून फुगतो, मग लोक नव्या सबवूफरला दोष देतात.

घरच्या घरी बघायचं तर गाडी शांत जागी लावा, सतत बेस असलेलं गाणं लावा आणि व्हॉल्यूम अर्ध्यावरून पाऊणवर न्या. बेस बाकीच्या आवाजाबरोबर वाढत नसेल तर सिग्नलमध्येच गडबड आहे, डीएसपीचा विचार करा. सगळं एकसारखं वाढतंय पण वर गेलं की फाटतंय, तर ताकद कमी पडतेय, ॲम्प घ्या. आणि आवाज उजव्या दारातूनच येतोय असं वाटत असेल तर कितीही वॉट घातले तरी ते जाणार नाही. एक मात्र आहे, व्हॉल्यूमबरोबर बदलणारा कट डीएसपीलाही पूर्ण भरून काढता येत नाही, म्हणून चांगले इन्स्टॉलर कंपनीचा व्हॉल्यूम एका ठरावीक जागी ठेवायला सांगतात आणि आवाज डीएसपीच्या रिमोटने कमीजास्त करायला लावतात. स्टीरिओतूनच फाटून आलेला सिग्नल तर कोणीच शिवू शकत नाही.

क्रेटातल्या बोस किंवा एक्सयूव्ही ७०० मधल्या सोनीच्या १२ स्पीकरवाल्यासारखी ब्रँडेड सिस्टम असेल तर जास्त सांभाळून. अशा सिस्टममध्ये ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) आणि वूफर (बेसचा मोठा स्पीकर) यांचे सूर बऱ्याचदा आधीच वेगळे करून पाठवलेले असतात, एकाच वायरवरून ॲम्पला सिग्नल दिला तर अर्धंच गाणं मिळेल, डीएसपी ते तुकडे जोडून परत पूर्ण करतो. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडीच्या अनेक मॉडेलमध्ये तर स्क्रीनपासून ॲम्पपर्यंत मोस्ट नावाच्या ऑप्टिकल फायबरवरून आवाज जातो, तिथे त्या गाडीसाठीचा इंटरफेस लागतो.

दोन्ही एकाच डब्यात असलेले डीएसपी ॲम्पही मिळतात आणि बजेट एकाच वस्तूचं असेल तर माझं मत त्यालाच. वायर कापू देऊ नका, कपलर टू कपलर हार्नेस, म्हणजे कंपनीच्या प्लगमध्येच बसणारा वायरींचा जोड, मागा, वॉरंटीचा वाद टळतो. पॉवर केबलचा फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा. डबा सीटखाली कार्पेटला टेकवून बसवू नका, आपल्याकडे मिलन सबवे, हिंदमाता भरलं की पाणी आधी तिथेच येतं, थोडा उंचावर ब्रॅकेटवर घ्या. स्पीकरसाठी दार उघडलं तर आतला प्लॅस्टिकचा पडदा परत नीट चिकटवलाय ना ते उभं राहून बघा, नाहीतर पहिल्याच पावसात दाराच्या पॅडमधून पाणी आत.

डीएसपी घेताना पैसे ट्यूनिंगला मोजताय हे लक्षात ठेवा. माइक लावून, तुम्ही जसे बसता तशी सीट लावून ट्यून करणारा माणूस शोधा, कानाने पाच मिनिटांत उरकणारा नको. आणि काम झालं की ट्यूनिंगची फाइल मागून घ्या, पुढे डबा रिसेट झाला तर सगळं पहिल्यापासून करायला लागणार नाही.