‘माश्या गेल्या’ म्हणजे नेमकं काय झालं?

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात मधपेट्या ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी हे येतं : “माश्या गेल्या.” पण त्यांनी घराची वाटणी केली की घरच सोडलं? दोन्ही वेळा थवा बाहेर पडून जवळच्या फांदीला लोंबतो, म्हणून गल्लत होते आणि उपाय भलताच केला जातो.

पेटी उघडून पोळी बघा. वाटणी होते ती सुगीत, फुलोरा भरात असताना. माश्या वाढतात, जागा पुरत नाही आणि जुनी राणी साधारण निम्म्या माश्या घेऊन निघते. आधी नरांच्या कोठ्या दिसू लागतात. सातेरीच्या, म्हणजे आपल्या पेटीतल्या देशी माशीच्या, नरकोठीच्या झाकणाला मधोमध सुईनं टोचल्यासारखं छिद्र असतं. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेच्या टरफलासारखी राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायच्या कोठ्या, लोंबतात. अंड्यापासून नवी राणी १६ दिवसांत बाहेर पडते, म्हणून या काळात आठवड्याला एकदा तरी पेटी बघावीच. वर मधकोठी (मध साठवायचा जादा कप्पा) चढवून जागा द्या, नाहीतर जुन्या राणीसह निम्म्या चौकटी (पोळी बांधलेल्या लाकडी फ्रेम) दुसऱ्या पेटीत हलवा आणि मूळ पेटीत एकच चांगलं राणीघर ठेवा.

घर सोडतात तेव्हा मागे कुणी उरत नाही. राणीघर नाही, अंडी नाहीत, उघडी पिल्लं नाहीत, मधही चाटूनपुसून संपवलेला. निघण्याआधी काही दिवस राणी अंडी घालणंच थांबवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या झडीत फुलं नसतात आणि माशीला बाहेर पडता येत नाही. त्यात मेणकिडा, मुंग्या, ओल. सातेरी हा जाच फार सोसत नाही. मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळली जाणारी युरोपीय माशी, इतक्या सहज घर सोडत नाही.

राणीजाळी, म्हणजे राणीला बाहेर पडू न देणारी पेटीच्या दारावरची जाळी, तिच्याबद्दल कळकळीनं सांगतो. वाटणी झालेल्या पेटीला मी एकदा ती लावली, माश्या पळतील या भीतीनं. आत कोवळी राणी होती. नराशी मिलन हवेत होतं, आणि तिला बाहेरच पडता आलं नाही. मिलन न झाल्यानं पुढे पेटीत नुसते नरच निपजले. चांगली वसाहत हातची गेली.

घर सोडू पाहणाऱ्यांना जाळी चार दिवस थोपवते, कारण मात्र तसंच राहतं. संध्याकाळी साखरेचा पाक द्या, तळपाट (पेटीच्या तळाची फळी) खरवडून पुसा, माश्यांनी न झाकलेली पोळी काढून टाका, पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आणि जमलं तर दुसऱ्या सशक्त पेटीतली उघड्या पिल्लांची एक चौकट माश्या झटकून आत सरकवा. पिल्लं भरवायची असली की माश्या सहसा निघत नाहीत.