कुंग फू हसल की कुंग पाव? एकात जुना हिरो पुसलाय, दुसऱ्यात शोधून आणलाय

'तो कुंग फूचा कॉमेडी पिक्चर रे, जुन्या मारधाडीच्या पिक्चरांवर काढलेला' असं कुणी म्हटलं की हमखास घोळ होतो, कारण एकाला आठवते केसांना कर्लर लावून तोंडात सिगारेट धरलेली घरमालकीण आणि दुसऱ्याला आठवतो गाईशी मारामारी करणारा गोरा माणूस. घरमालकीणवाला म्हणजे स्टीफन चाऊचा 'कुंग फू हसल', २००४ चा, हाँगकाँगचा. गाईवाला म्हणजे स्टीव्ह ओडकर्कचा 'कुंग पाव', २००२ चा, अमेरिकन. नावं सारखी, मध्ये दोनच वर्षं, दोन्हीत माणसं उडतात, दोन्हीत मॅट्रिक्सची नक्कल आहे, त्यामुळे गोंधळ होणारच. पण जुन्या पिक्चरांचं दोघांनी जे केलंय ना, ते एकदम उलटसुलट आहे.

आधी कुंग पाव, कारण तो पटकन सांगून होतो. ओडकर्कने १९७६ चा एक जुना हाँगकाँगी पिक्चर घेतला, 'टायगर अँड क्रेन फिस्ट्स', आणि कॉम्प्युटरवर त्यातल्या हिरोच्या जागी स्वतःला बसवलं. बाकी मंडळी तीच, कपडे तेच, फक्त डायलॉग सगळे नवे आणि जवळजवळ सगळ्यांचे आवाज ह्यानेच काढलेले. मग व्हिलन मध्येच जाहीर करतो की आजपासून मला बेट्टी म्हणा. येडेपणा आहे पण हसू येतं. गाईचा सीन मात्र मला लांबलेला वाटतो, गंमत पहिल्या मिनिटातच संपते आणि मग गाय काही संपत नाही.

तर यात हसण्यासारखं काय आहे? ओठ एक बोलतायत आणि आवाज दुसरंच, माणूस नुसता वळला तरी सूंऽऽ असा आवाज, कॅमेरा धाडकन चेहऱ्यावर. आता हाँगकाँगचे त्या काळचे पिक्चर बहुतेक आवाजाशिवायच शूट व्हायचे आणि डबिंग नंतर व्हायचं, आणि परदेशात पाठवायला परत वेगळं इंग्रजी डबिंग, तेही घाईघाईत मोजक्या लोकांकडून करून घेतलेलं. अमेरिकेतल्या पोरांनी थेटरात नाहीतर टीव्हीवर पाहिलं ते हे. म्हणजे कुंग पाव ज्याला हसतो त्यातलं बरंचसं त्या पिक्चरमध्ये मुळात नव्हतंच, ते एक्स्पोर्टच्या कॉपीत होतं.

आणि ज्या हिरोला पुसलं तो कोण होता माहितीये? जिमी वांग यू. १९६७ मध्ये एका हाताच्या तलवारबाजाचा रोल करून शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओचा मोठा स्टार झालेला माणूस, आणि १९७० चा 'द चायनीज बॉक्सर' लिहिणारा, डायरेक्ट करणारा आणि त्यात काम करणाराही हाच. तलवारी बाजूला ठेवून नुसत्या हातापायांच्या मारामारीवर अख्खा पिक्चर काढायची लाट त्याच पिक्चरपासून आली असं मानतात, ब्रूस लीचे हाँगकाँगमधले गाजलेले पिक्चर त्याच्या नंतरचे. म्हणजे ज्याने हे दुकान उघडलं त्यालाच फ्रेममधून बाहेर काढलं. ओडकर्कने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्याला एक चेहरा काढून स्वतःचा घालायचा होता एवढंच, पण झालं ते झालं.

हसलमध्ये नेमकं याच्या उलट. चाऊने गोष्ट नवी रचली, जुन्या शांघायमधली एक भिकार चाळ, पिग स्टाय अ‍ॅली, आणि शहरभर दहशत असलेली कुऱ्हाडवाली गँग. पण त्या चाळीत राहायला माणसं कोण आणली बघा. घरमालक झालेला युएन वा हा ब्रूस लीचा डबल होता, लीच्या नावावर ज्या कोलांट्या आपण बघतो त्या याच्या. जॅकी चॅन, सॅमो हंग ज्या चायनीज ऑपेराच्या शाळेत मार खात शिकले तिथलाच हा, आणि घरमालकीण युएन चिऊ पण तिथलीच. तिने ऐंशीच्या दशकात काम सोडून दिलं होतं. ती हसलच्या ऑडिशनला आली होती दुसऱ्याच कुणाबरोबर तरी, बाजूला सिगारेट ओढत बसलेली चाऊला दिसली आणि रोल तिलाच. व्हिलन, म्हणजे बनियन आणि चपला घातलेला टकला 'बीस्ट', तो ब्रूस लिआंग, सत्तरच्या दशकातला स्टार, १९८१ च्या टीव्ही सिरियलमध्ये चेन झेन झालेला. चेन झेन म्हणजे 'फिस्ट ऑफ फ्युरी'मधला ब्रूस लीचा रोल. हा पण कित्येक वर्षं पडद्यावर नव्हता.

आता खरी मजा इथे आहे. कुंग पावमध्ये एक विंप लो नावाचं बावळट पात्र आहे, ज्याला गंमत म्हणून मुद्दाम चुकीचं कुंग फू शिकवलंय. ते काम ज्याच्या जुन्या फुटेजवर झालंय तो लाउ कार-विंग, खऱ्या हुंग गार (कुंग फूची एक शैली) घराण्यातला. त्याचा बाप लाम साय-विंगचा शिष्य, आणि लाम साय-विंग हा वाँग फे-हुंगचा, तोच ज्याच्यावर जॅकी चॅन आणि जेट लीचे पिक्चर आहेत. इकडे हसलमध्ये लोखंडी कडी घालून लढणारा तो नाजूक शिंपी आहे ना, तो चिऊ ची-लिंग, तो पण खराच हुंग गारचा मास्टर आणि त्याचा बाप पण लाम साय-विंगचाच शिष्य! एकाच गुरूच्या हाताखालच्या दोघांची पोरं. एका पिक्चरमध्ये त्याची विद्या म्हणजेच जोक, दुसऱ्यात आधी शिंप्याच्या मुरडण्यावर हसवतात आणि मग कडी हातात चढली की गँगवाल्यांची हाडं मोडतात. हसलचा सगळा फंडा हाच, आधी हसा, मग तोंड बंद होतं.

मॅट्रिक्सचंही तसंच. कुंग पावमध्ये गाईच्या मारामारीत मॅट्रिक्सची नक्कल आहे. हसलमध्ये शेवटी काळ्या सुटातल्या गर्दीला एकटा हिरो उडवत जातो तेव्हा ती फाईट बसवलीये युएन वू-पिंगने, ज्याने मॅट्रिक्सच्याच फाईट बसवल्या होत्या (सुरुवात सॅमो हंगने केली होती, तो मध्येच सोडून गेला). याला टिंगल म्हणायची की घरचा माल घरी परत आणला म्हणायचं?

हसल काही निर्दोष नाही. सुरुवातीची कुऱ्हाडीची कापाकापी कॉमेडीच्या मानाने फार आहे, आणि ती आइस्क्रीमवाली मुकी मुलगी नुसती हिरोला सुधारायला ठेवलीये. शिवाय त्यातले निम्मे संदर्भ आपल्याला लागतच नाहीत. ती चाळ आणि ती मालकीण १९७३ च्या 'हाऊस ऑफ ७२ टेनंट्स'वरून आलेली, ज्याने त्या वर्षी हाँगकाँगमध्ये ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'पेक्षा जास्त धंदा केला होता. बीस्टची बेडकासारखी स्टाईल जिन योंगच्या कादंबऱ्यांतली. हिरोचा आकाशातून पडणारा तळहाताचा वार साठच्या दशकातल्या कॅंटोनीज पिक्चरांतला, तिथल्या पोरांना पाठ असलेला. पण हे काहीही माहीत नसताना आपल्याकडे लोक हसतातच, कारण पोटभाडेकरूंवर खेकसणारी मालकीण कुठल्याही चाळीत सापडते. कुंग पावचं तसं नाही, जुने वाईट डबिंगवाले पिक्चर पाहिलेच नसतील तर त्यात काय हसायचं हेच कळत नाही.

म्हणून बघायचं असेल तर हसल हिंदीत बघितला तरी चालतो, कॅंटोनीजमध्ये सबटायटल लावून बघितला तर जास्त बरं, मालकिणीच्या शिव्यांचा ठेका त्यातच आहे. कुंग पाव मात्र इंग्रजीतच बघा, दुसऱ्या भाषेत तो डबिंगचं डबिंग होईल आणि ओठ न जुळणं हा जोक आहे की स्टुडिओवाल्याची चूक हेच समजायचं नाही.