हिवाळी ऑफ-सीझन सराव, माउंटन बायकिंगमधला

माउंटन बाइकच्या शर्यती खेळणारा रायडर एक सीझन संपल्यावर आणि दुसरा सुरू व्हायच्या आधी तीन-चार महिने जो सराव करतो त्याला ऑफ-सीझन सराव म्हणतात, आणि युरोप-अमेरिकेत हे महिने हिवाळ्यात येतात म्हणून त्याला हिवाळी हा शब्द चिकटला. आधी थोडा आराम, मग लांब आणि हळू रायडिंग, जोडीला ताकदीचा व्यायाम आणि शेवटी वेग, असा त्याचा ढोबळ क्रम. विदर्भातल्या गावखेड्यातले रायडरही हा सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करतात, पण इथला हिवाळा म्हणजे सायकल चालवायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ, त्यामुळे याला 'ऑफ' म्हणावं का हाच मुळातला प्रश्न आहे आणि या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

उगम : सायकलपटूने हिवाळ्यात शर्यत सोडून वेगळं काहीतरी करत राहावं ही चाल नेमकी कधीची, यावर एकमत नाही. एका मतानुसार तिचं मूळ फ्रान्समधल्या सायक्लोक्रॉसमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर तिकडचे रस्त्यावरचे रायडर थंडीत अंग गरम राहावं म्हणून शेतातून, कुंपणावरून, चिखलातून सायकल हाकायचे आणि जिथं चालेना तिथं ती खांद्यावर टाकून पळायचे. याचं श्रेय दानिएल गुसो या सैनिकाला द्यायची रीत आहे आणि १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धा झाली असं धरतात. गुसोच्या आधीही लोक असं करत असणारच, त्याने त्याला स्पर्धेचं रूप दिलं एवढंच म्हणणं जास्त सुरक्षित. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकलेल्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचं श्रेय या हिवाळी उद्योगाला दिलं आणि त्यानंतर तो फ्रान्सबाहेर पसरला असं मानतात. पहिली जागतिक स्पर्धा मात्र बरीच उशिरा, १९५० साली पॅरिसला झाली.

दुसरं मत सोव्हिएत क्रीडाशास्त्राकडे बोट दाखवतं. लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात वर्षाचे तयारी, स्पर्धा आणि संक्रमण असे तीन भाग पाडून दाखवले, आणि आज ज्याला आपण ऑफ-सीझन म्हणतो तो म्हणजे यातलं संक्रमण आणि तयारीचा पहिला तुकडा. या मांडणीच्या मागे हान्स सेली यांचं १९३६ चं ताणाबद्दलचं संशोधन होतं, म्हणजे शरीराला ताण दिला की ते आधी खचतं, मग सावरतं, आणि ताण थांबलाच नाही तर कोसळतं. काहीजण तर ही कल्पना प्राचीन ग्रीसपर्यंत नेतात, तिथल्या पहिलवानांच्या चार दिवसांच्या सरावचक्रापर्यंत, पण ते चक्र दिवसांचं होतं, वर्षाचं नव्हे, त्यामुळे हा दुवा ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. बाकी दोन मतांत तसं भांडण नाही, सरावाचं रूप सायक्लोक्रॉसने दिलं आणि हिशेब सोव्हिएतांनी, पण माउंटन बाइकवाल्याला पहिली बाजू जास्त जवळची, कारण खांद्यावर सायकल घेऊन नाला ओलांडणं त्याला आजही करावं लागतं.

गंमत म्हणजे माउंटन बाइकचा खेळ सुरू झाला तेव्हा त्याला ऑफ-सीझन नव्हताच. खेळाचा जन्म कुठला यावरही वाद आहे. बहुतेक जण कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचं नाव घेतात, तिथं २१ ऑक्टोबर १९७६ ला रिपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली आणि गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची, चार्ली केली ही नावं त्याच मंडळीतली. पण १९७४ मध्ये क्युपर्टिनोच्या मॉरो डर्ट क्लबची पोरं जाड टायरच्या सायकलींना गिअर लावून आली होती, कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटचे लोकही १९७६ मध्येच डोंगराची खिंड ओलांडून गेले होते, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसजवळचा एक क्लब सायकलींत फेरफार करून मातीत चालवत होता. या सगळ्यांनी एकच खेळ स्वतंत्रपणे शोधला असं म्हणणं पटतं, तरी शर्यत म्हणून तो रुजला मरीनमध्येच. आणि पहिलीच शर्यत ऑक्टोबरात, म्हणजे युरोपात रस्त्यावरचा सीझन संपतो त्या महिन्यात! पुढे १९९० ला दुरँगो इथं पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९१ पासून वर्ल्ड कप, १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री, म्हणजे चढउताराच्या कच्च्या वाटेवर फेऱ्या मारायची शर्यत, आली. शर्यतींच्या तारखा वसंत ते शरद अशा बांधल्या गेल्या तेव्हा उरलेला थंडीचा काळ आपोआप रिकामा ठरला. म्हणजे हिवाळी ऑफ-सीझन हा खेळाच्या स्वभावातून आलेला नाही, कॅलेंडरमधून आलेला आहे, आणि ते कॅलेंडर बर्फाच्या देशांचं आहे.

विदर्भातला हिवाळा : आता हेच कॅलेंडर परतवाड्याच्या नाहीतर पुसदच्या पोराने मोबाइलवरून जसंच्या तसं उचललं की काय होतं ते बघा. डिसेंबरात दोन आठवडे पूर्ण आराम, जानेवारीभर हळू रायडिंग, आणि अंगात वेग आणायची वेळ येते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सकाळी नऊनंतर डांबर पायाला चटके देतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि २३ मे २०१३ ला तो ४७.९ पर्यंत चढला होता. यातल्या पहिल्या दिवशी जॅकेट आणि हातमोजे घालून आरामात सायकल चालवता येते, दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडणंसुद्धा धोक्याचं. उन्हाळा संपला की पावसाळा, आणि पावसाळ्यात काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थर चढत जातो, फ्रेम आणि टायरमधली जागा भरून चाक फिरायचंच बंद होतं, मग काडीने खरवडत सायकल खांद्यावर घेऊन गाव गाठावं लागतं. म्हणजे निसर्गाने विदर्भाला दिलेला ऑफ-सीझन मे ते ऑगस्ट आहे.

याला इथल्या जुन्या खेळांचीही साक्ष आहे. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुगीनंतरच्या थंडीत भरतात, जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली आणि गावोगावचे रात्रीचे कबड्डी सामने बहुतेक याच दिवसांतले. पिकं घरी येत असतात, हातात थोडा पैसा असतो, रात्री गार असतात. ज्या प्रदेशात माणसं आणि बैल दोघंही हिवाळ्यात शर्यत खेळतात तिथं सायकलवाल्यानेच हिवाळ्यात बसून राहावं हे पटत नाही.

अपवाद आहे तो हिमाचलातल्या स्टेज रेसला, म्हणजे अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या शर्यतीला, जाणाऱ्यांचा. तिथली मोठी रेस २००५ पासून बरीच वर्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होत आली, तिथून परत आलेल्या रायडरला दिवाळीच्या आगेमागे दोन-तीन आठवडे आराम आणि मग थंडीत लांब, हळू रायडिंगने दमाचा पाया बांधणं हे बाहेरचं वेळापत्रक बऱ्यापैकी लागू पडतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा सरकत राहतात, त्यामुळे तिच्यावर नजर ठेवून बसलेल्याने वेळापत्रक लवचीक ठेवलेलंच बरं.

सरावाची जागा : डोंगर म्हटलं की सगळ्यांना चिखलदरा आठवतो आणि ते बरोबरच आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंची, परतवाड्याकडून अंदाजे ३० किलोमीटरचा घाट, सलग चढ मिळायला विदर्भात याच्यासारखी जागा नाही. पण रोजचा सराव होतो तो पांदणीत. दोन वावरांमधून जाणारी ही वाट, दोन्हीकडे बोरीबाभळी, मध्ये बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. पावसाळ्यात ओल्या मातीत उमटलेली चाकोरी मार्गशीर्षापर्यंत वाळून सिमेंटसारखी कडक होते, हातभर रुंद, वीतभर खोल, आणि तिच्यात पुढचं चाक गेलं की हँडल वळवून बाहेर काढता येत नाही, वळवलं की पडलाच. त्यासाठी वजन मागे टाकून पुढचं चाक हलकं करायचं, उचलून काठावर ठेवायचं आणि मागचं चाक त्याच्यामागे ओढून घ्यायचं. हे एका पांदणीत वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. दोन हिवाळे असं केल्यावर खडकाळ उतारावर चाक कुठून न्यायचं ती लाइन निवडताना हात आपोआप योग्य वेळी सैल होतात हे मी स्वतः अनुभवलंय, आणि यासाठी कुठला पंप ट्रॅक, म्हणजे सरावासाठी बांधलेला उंचवट्यांचा ट्रॅक, लागला नाही.

पांदणीचा दुसरा धडा म्हणजे ओलित. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीची येते, हरभऱ्याला किंवा गव्हाला रात्रभर पाणी सुरू असतं, कुठेतरी दांड फुटतो आणि काल कोरडी असलेली वाट सकाळी दहा-पंधरा फूट चिखल असते. धुवारी, म्हणजे धुकं, पडलेली असली तर तो दिसतसुद्धा नाही. त्यामुळे ओळखीच्या वाटेवरही पहिली फेरी हळूच घ्यायची.

आणि सराटे. पावसाळ्यात जमिनीलगत पसरलेली ही वेल थंडीत वाळते आणि तिची काटेरी फळं वाटेवर विखुरतात, कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. त्यात बाभळीचा काटा. ट्यूबवाल्या सायकलला एका सकाळी दोन-तीन पंक्चर ही नेहमीची गोष्ट, म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा पातळ द्रव, हा इथं चैनीचा विषय नाही. राइड संपल्यावर चाक हळूहळू फिरवत टायरवरून नजर टाकायची, सराट्याचं डोकं दिसलं की चिमट्याने ओढायचं, पांढरा थेंब बाहेर येतो, ते भोक खाली करून मिनिटभर धरायचं, बंद होतं. थंडीच्या कोरड्या हवेतसुद्धा सीलंट दोन-तीन महिन्यांत आटतं, हे बरेच जण विसरतात.

पाया : क्रॉस-कंट्री ऑलिंपिक प्रकारची शर्यत मोठ्यांच्या गटात साधारण दीड तासाच्या आसपास चालते आणि त्यात हृदयाचे ठोके सरासरी कमालच्या ९० टक्क्यांच्या जवळ असतात. इतक्या तीव्र खेळासाठी महिनोन्‌महिने हळू का चालवायचं असा प्रश्न नवीन पोरं विचारतात. कारण असं की लांब आणि हळू रायडिंगने स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साठवलेली साखर शेवटच्या फेरीसाठी शिल्लक राहते. वेग किती ठेवायचा याची सोपी खूण म्हणजे बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आठवड्यात एकूण वेळेतला मोठा हिस्सा असा आणि थोडासा एकदम कडक, मधल्या वेगात फार रेंगाळायचं नाही, हे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांच्या अभ्यासातून पुढे आलेलं मत आज बऱ्यापैकी मान्य आहे, जरी सगळेच प्रशिक्षक ते तंतोतंत पाळत नाहीत.

इथं विदर्भाच्या हिवाळ्याची एक बाजू मान्य करावी लागते. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, आणि तेवढ्याच मेहनतीला ठोके जास्त पडतात, त्यामुळे घड्याळावरचा आकडा फसवतो. थंडीत तो आकडा खरा असतो. पायाचा जोर मोजणारा पॉवर मीटर परवडत नाही अशा रायडरने ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावर विसंबून पाया बांधायचा तर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ सोन्यासारखा. माझ्या मते दसऱ्याला सुरुवात करावी, डिसेंबर संपेपर्यंत पाया, जानेवारीपासून चढावर कडक इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मध्ये विश्रांती, आणि होळीपर्यंत शर्यती खेळून मोकळं व्हावं. तीन आठवडे वाढवत नेऊन चौथा हलका ठेवणं हे गणित इथंही चालतं.

फक्त शेतीचं काम हिशेबात धरायला हवं. दिवसभर वाकून कापूस वेचला किंवा तुरीची सोंगणी केली की कंबर आणि मांडीमागचे स्नायू आधीच संपलेले असतात, त्या संध्याकाळी वेळापत्रकात लिहिलंय म्हणून इंटरव्हल मारणाऱ्याची पाठ हमखास धरते. शेतातलं कामच त्या दिवसाचा कडक सराव समजावा.

ताकद : यासाठी विदर्भाला बाहेर बघायची गरज नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिकडे भारतीय खेळ करून दाखवले होते. दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांब हे सगळं माउंटन बाइकला लागू पडतं, विशेषतः मल्लखांब, कारण लांब उतारावर आधी थकते ती हाताची पकड. मात्र शेकड्याने बैठका मारून दम वाढतो, कमाल ताकद वाढत नाही, त्यासाठी वजन लागतं आणि वेळा कमी लागतात. जिम नसेल तर युरियाची रिकामी गोणी मातीने भरून खांद्यावर घ्यावी आणि एका पायाने ओट्यावर चढउतार करावी. आठवड्यातून दोनदा पुरे. सायकल चालवताना हाडांवर वजन येत नाही, म्हणून थोडं धावणंही असावं.

खाणं : ज्वारीची भाकर, सोल्यांची भाजी, जवसाची चटणी, राइडला गूळ-शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू, आल्यावर आंबिया बहाराची संत्री.

काळजी : तांबडं फुटायच्या आधी जंगलालगत निघू नये, मग ते मेळघाट असो की चंद्रपूर-गडचिरोलीकडचा भाग. जंगलातल्या वाटेवर वन विभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालणं धोक्याचंही आहे आणि बेकायदाही. पांदणीत वाघापेक्षा रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर जास्त आडवे येतात, रोही तर एक गेला की मागून दुसरा येतोच, म्हणून थांबावं. अंधारात पांदण सोडून कुणाच्या वावरात शिरू नये, पिकं राखायला कुंपणात करंट सोडलेला असू शकतो.

आराम : खरा आराम मे महिन्यात. चार आठवडे पूर्ण बंद ठेवलं तर दम बराच उतरतो, सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातलं पाणी कमी झाल्याने असते आणि ती परत सुरू केल्यावर लवकर भरून निघते, म्हणून बरेच जण पहाटे पाच ते साडेसहा एवढंच हलकं चालवतात किंवा कूलरसमोर जागच्या जागी सायकल चालवायचा ट्रेनर लावतात. मृगाचा पहिला पाऊस पडून काळी माती चिकटायला लागली की पांदण बंद, तेव्हा चेन, बेअरिंग आणि सस्पेन्शनचं तेल बदलायचं काम काढतात आणि सायकल दसऱ्यापर्यंत डांबरावर राहते.